निरोपघराची मांडवपरतणी

घाटाखालच्या एका खोऱ्यात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत होते. दृष्टी मंदावली होती, गुडघे कुरकुरत होते, पण जिज्ञासा मात्र नुकतं मिसरूड फुटलेल्या पोराची. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या जीर्णोद्धाराला लागतात. हे गुरुजी मोडक्या संगणकांच्या जीर्णोद्धाराला लागले. शहरातल्या कचेऱ्यांनी भंगारात काढलेली यंत्रं त्यांनी आणली, घाटरस्त्यावरच्या बंद पडलेल्या जकात नाक्यात मांडली, छपरावर एक उंच खांब उभा केला आणि खोऱ्यातल्या सगळ्या वाड्यावस्त्या एका धाग्यात ओवल्या. लोक त्या जागेला निरोपघर म्हणू लागले. होडी किती वाजता सुटणार, गुरांचे डॉक्टर कोणत्या वाडीला येणार, कुणाला रक्त हवं आहे, कुणाची म्हैस चुकली आहे, हे सारं निरोपघरातून ज्याच्या त्याच्या फोनवर जाई.

या निरोपघराची एक गोष्ट जगावेगळी होती. तिथलं सॉफ्टवेअर उघडं होतं. आत काय चाललं आहे ते कुणालाही पाहता येई, कळत असेल त्याला बदलता येई, आणि शेजारच्या खोऱ्याने मागितलं तर गुरुजी ते तसंच्या तसं देऊन टाकत. शेजारणीने विरजण मागितलं तर नाही म्हणू नये, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

गुरुजींचा एक शिष्य होता, श्रीरंग. शहरातली नोकरी सोडून तो ही विद्या शिकायला आला होता. मुलगा हुशार आणि कष्टाळू होता, पण थकला होता. पावसाळ्यात खांब वाकला की वर चढायचं ते त्यानेच. एखादं जुनं यंत्र खोकू लागलं की त्याच्या छातीला कान लावायचा तोही त्यानेच. आणि लोकांची दाद म्हणाल तर, "फोटो लवकर उघडत न्हाई बघा," एवढीच.

याच खोऱ्यात सुगंधाबाई राहत. नवरा गेल्यावर त्यांनी वाडीतल्या बायका जमवल्या आणि मसाला कुटायला सुरुवात केली. निरोपघरामुळे त्यांच्या मसाल्याला दूरदूरच्या शहरांत गिऱ्हाईक मिळालं. कुणाला तिखट लागतं, कुणाच्या घरी लसूण चालत नाही, कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण आहे, हे सगळं त्या निरोपांतून चालायचं. त्या मसाल्यावर त्यांनी मुलगी शिकवली आणि आता तिचं लग्नही ठरवलं होतं. सुगंधाबाईंच्या घरची चूल त्या गिऱ्हाइकांवर पेटत होती, हे या गोष्टीत विसरू नका.

अशात एक व्यापारी आला. म्हणजे आधी त्याचा अधिकारी आला. व्यापारी असे आधी स्वतः येत नसतात. देवळाच्या पटांगणात सभा भरली. अधिकाऱ्याने पडद्यावर अ‍ॅप दाखवलं. फोटो क्षणात उघडत होते, चेहरा पाहून बोलता येत होतं, मसाल्याची पाकिटं रंगीत दुकानात मांडल्यासारखी दिसत होती. आणि हे सारं फुकट. अट एकच होती. महिनाअखेर जुनं निरोपघर बंद करायचं आणि साऱ्या खोऱ्याने या नव्या घरी यायचं.

सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. म्हातारा आता अडून बसणार, अशीच सर्वांची अटकळ होती.

"छान आहे की," गुरुजी म्हणाले. "जाऊ या."

श्रीरंगला इतका आनंद झाला की त्याने तिथेच खांबावर चढण्याचे जुने बूट कुणाला तरी देऊन टाकले. गुरुजींनी त्याला बाजूला बोलावून एवढंच सांगितलं, "नाक्यातली यंत्रं मात्र इतक्यात बंद करू नकोस. मांडव अजून उतरवायचा नाही."

म्हाताऱ्या माणसाचा जुन्या वस्तूंवर जीव असतो, असं मनाशी म्हणून श्रीरंगने मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून तो वाडीवाडीने फिरून लोकांच्या फोनवर अ‍ॅप घालू लागला. सुगंधाबाईंच्या फोनवर एक लांबलचक मजकूर उमटला. त्या चष्मा शोधू लागल्या.

"खाली ढकला मावशी. तळाला 'मला मान्य आहे' असं बटण आहे, ते दाबा."

"वाचायचं न्हाई व्हय?"

"कुणीच वाचत नाही हो."

"मंग लिवलंय कशाला?" असं म्हणत सुगंधाबाईंनी बटण दाबलं. प्रश्न रास्त होता; पण लग्नघरात रास्त प्रश्नांना सवड नसते. त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांनाही कळवलं की आता आम्ही नव्या घरी आहोत, तिकडेच या. गिऱ्हाइकं आली, नवीही मिळाली. खोटं कशाला सांगू, अ‍ॅप खरोखरच चांगलं होतं.

त्याच आठवड्यात सुगंधाबाईंच्या केतकीचं लग्न घाटापलीकडच्या एका घरात लागलं. पाठवणीच्या वेळी सुगंधाबाई दाराच्या चौकटीला धरून रडल्या. आणि थोड्याच दिवसांत मांडवपरतणी आली.

आता शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे लग्न झालं की लगेच मांडव मोडत नाहीत. नवी नवरी सासरी जाते, पण हळदीचा रंग उतरायच्या आत तिला एकदा माहेरी आणतात. ती त्या मांडवाखाली परत येते आणि मगच मांडव उतरतो. तिला आणायला जो जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुलीला 'देण्याच्या' रिवाजावर पुष्कळ बोलता येईल आणि बोलायलाही हवं. पण ही परतणीची रीत ज्या कुण्या बाईने घालून दिली असेल, ती फार शहाणी असली पाहिजे.

केतकीला सख्खा भाऊ नव्हता म्हणून मुराळी म्हणून श्रीरंग गेला. सासरच्यांनी त्याला पाटावर बसवून जेवू घातलं. सासूबाईंनी करंज्यांची दुरडी भरली, सुनेची ओटी भरली आणि म्हणाल्या, "चार दिवस जास्त राहू द्या हो. आईचं मन निवेल." श्रीरंग केतकीला घेऊन आला. अंगणातल्या मांडवाच्या माळा सुकल्या होत्या, तरी त्याखाली पंगत बसली आणि सुगंधाबाई लग्नात हसल्या नव्हत्या इतक्या त्या दिवशी हसल्या.

गुरुजीही जेवायला होते. हात धुऊन झाल्यावर त्यांनी भर पंगतीत शिष्याला हाक मारली.

"श्रीरंगा, तुझं एक मुराळीपण अजून बाकी आहे. उद्या तालुक्याला त्या व्यापाऱ्याच्या कचेरीत जा. त्यांना सांग, आमच्या खोऱ्याचं जे जे तुमच्या घरी आलं आहे, ते सगळं परत न्यायला मी आलोय. निरोप, फोटो, माणसांची नावं, सुगंधाबाईंची गिऱ्हाइकं, सगळं."

श्रीरंगच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"पण का, गुरुजी? काही बिघडलंय का?"

"काहीच नाही."

"अ‍ॅप वाईट आहे?"

"उत्तम आहे."

"मग?"

"जाऊन तर ये."

मागच्या ओळीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "धर्माची गाय आन् दात का न्हाय!" लोक हसले. श्रीरंगला लोकांच्या हसण्याचं काही नव्हतं. आपल्या गुरूचं हसं झालं, याची त्याला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर गुरूचा थोडा रागही आला. फुकट वाढणाऱ्याच्या घरी पहिल्याच आठवड्यात जाऊन 'आमचं आम्हाला द्या' म्हणायचं, ही कसली रीत?

पण शिष्य तो शिष्यच. सकाळच्या एस.टी.ने तो तालुक्याला गेला.

कचेरी थंडगार होती. अधिकाऱ्याने त्याला ओळखलं, कॉफी मागवली आणि येण्याचं कारण ऐकून तो मोकळेपणाने हसला.

"परत? काही कमी पडलं का आमच्याकडून?"

"नाही हो, सगळं छान आहे. आमच्याकडे रीत आहे, म्हणून आलो."

"कसं आहे, परत न्यायची तशी सोय नाही. आजवर कुणी मागितलंच नाही."

"बरं, मग निदान सुगंधाबाईंची गिऱ्हाइकं तेवढी द्या."

"मावशींना ती अ‍ॅपमध्ये दिसतातच की. मात्र बाहेर नेता येणार नाहीत. त्यांनी मान्य केलंय ना? आता ती आमच्या यादीत आहेत."

'कुणीच वाचत नाही' हे स्वतःचेच शब्द श्रीरंगला आठवले. त्याने विचारलं, "आणि उद्या मावशींनी अ‍ॅप सोडलं तर?"

"तर गिऱ्हाइकांची गैरसोय होऊ देणार नाही आम्ही," अधिकारी आपुलकीने म्हणाला. "दुसरा चांगला मसाला सुचवू त्यांना. सध्याही सुचवतोच. चॉइस असावा माणसाला." मग त्याने आवाज खाली आणला. "मित्रा, पदरी पडलं ते पवित्र झालं समज. तुमचं ते जुनं निरोपघर बंद झालं ना?"

त्या थंड खोलीत श्रीरंगला घाम फुटला. गुरुजींनी अडवलं नसतं तर ती यंत्रं पुसून त्याने कधीच शाळेला देऊन टाकली असती.

"नाही," तो म्हणाला. "आमचा मांडव अजून उभा आहे." आणि कॉफी तशीच टाकून तो उठला.

संध्याकाळी सुगंधाबाईंच्या अंगणात सगळे जमले. श्रीरंगने घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. बटणाची गोष्टही लपवली नाही. सुगंधाबाई ऐकता ऐकता उभ्या राहिल्या.

"माझी गिऱ्हाइकं त्यांची कवा झाली? त्या नगरच्या वैनीच्या डोहाळजेवणाला मी लाडू धाडलं हुतं. ह्यांनी काय धाडलं?"

कुणी हसलं नाही. धर्माच्या गाईची म्हण काढणारा तर मांडवाच्या खांबाआड सरकला होता. तेव्हा गुरुजी बोलले. त्यांना फार बोलायची सवय नव्हती, म्हणून त्यांचं बोलणं मला जवळजवळ पाठ आहे.

"बाळांनो, केतकीला आपण काल परत आणलं ते सासर वाईट म्हणून नव्हे. सासर चांगलं आहे की नाही, हे कळावं म्हणून. आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं की परतीची वाट पहिल्या आठवड्यात तुडवली नाही तर तिच्यावर गवत माजतं. जे घर आनंदाच्या दिवसांत दार उघडत नाही, ते भांडणाच्या दिवशी उघडेल का? म्हणून परतणी भांडण झाल्यावर करायची नसते. सगळं गोडीगुलाबीत असताना करायची असते. कुणी म्हणेल, फुकट दिलंय ना त्याने? अरे, आपण काय रिकाम्या हातांनी गेलो होतो? आपलं बोलणं, आपली माणसं, आपला व्यवहार घेऊन त्याच्या घरी गेलो. ते सगळं तिकडे नांदायला गेलं, विकलं नव्हतं. मूल्य घेतलं नाही म्हणून त्याची मालकी होत नाही, आणि मूल्य दिलं नाही म्हणून आपला हक्क बुडत नाही."

"मग तुम्ही 'जाऊ या' का म्हणालात?" श्रीरंगने विचारलं. त्याच्या स्वरात आता राग नव्हता.

"नको म्हटलं असतं तर तुम्ही मनातून गेलाच असता. आणि जायला माझी हरकत नाहीच रे. मुलीला घरात कोंडून ठेवणारा बाप तरी कुठे शहाणा? जावं. पण मांडव उभा ठेवून जावं."

त्या दिवसापासून खोऱ्याने सगळे निरोप पुन्हा निरोपघरातून धाडायला सुरुवात केली. फोटो पुन्हा सावकाश उघडू लागले. या वेळी कुणी तक्रार केली नाही. सुगंधाबाईंनी जुन्या वाटेने एकेका गिऱ्हाइकाला कळवलं की आम्ही होतो तिथेच आहोत. बहुतेक परतली. लग्नाच्या आठवड्यात नव्याने जोडलेली तेवढी मात्र तिकडेच अडकली, आणि त्याची चुटपुट त्यांना फार लागली. श्रीरंगने आपले बूट परत मागून आणले.

बातमी दोन दिवसांत घाट चढून गेली. शेजारच्या खोऱ्यांतही व्यापाऱ्याची माणसं सभा घेत होती, आणि आता प्रत्येक सभेत कुणी ना कुणी उठून विचारू लागलं, "तुमच्यात मांडवपरतणी हाय का?" अधिकारी कातावला. शेवटी आठवडा उलटायच्या आत व्यापारी स्वतः आला.

माणूस उमदा होता. पायऱ्या चढून धापा टाकत तो नाक्यात पोहोचला. गुरुजींच्या पाया पडून समोरच्या बाकावर बसला आणि आडपडदा न ठेवता म्हणाला, "गुरुजी, मी धंदा करतो. बाहेर जायला दार ठेवलं तर माणसं निघून जातील. स्वतःच्या हाताने स्वतःचं दुकान कसं रिकामं करू?"

त्याच वेळी केतकी सासरी निघाली होती. गाडी घाटरस्त्यावर थांबवून ती गुरुजींना नमस्कार करायला वर आली, मागून सुगंधाबाई दुरडी घेऊन. गुरुजींनी व्यापाऱ्याला उत्तर दिलं नाही. ते केतकीला म्हणाले, "पोरी, हे पाहुणे विचारतायत, परत येता येत असताना तू तिकडे जातेस कशाला?"

केतकी जरा लाजली. मग तिने त्या पाहुण्याकडे सरळ पाहिलं.

"काल सासूबाईंचा फोन आला होता. सवडीनं ये म्हणाल्या. त्यांनी 'उद्याच्या उद्या ये, परत जायचं नाव काढू नको' असं म्हटलं असतं ना काका, तर माझा पाय इथून निघाला नसता. आता बघा, मीच लवकर निघालेय. आई म्हणत होती, अजून दोन दिवस राहा."

व्यापाऱ्याने खिडकीतून पाहिलं. केतकी पायऱ्या उतरून गेली, गाडीत बसली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिली. सुगंधाबाईंनी डोळे पुसले, पण या खेपेस चौकट धरली नाही.

व्यापारी त्या दिवशी पुण्यवान झाला, असं मी म्हणणार नाही. धंदेवाला होता, धंद्याचं त्याला चटकन कळलं. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या अ‍ॅपला एक दार बसलं. ज्याला आपलं सारं घेऊन जायचं असेल त्याला ते नेता येई, तेही निरोपघराच्या यंत्रांना वाचता येईल अशा रूपात. इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे जाऊ लागला. सुगंधाबाईंची अडकलेली गिऱ्हाइकं नावांसकट हाती आली, आणि त्यांच्या निरोपाखाली दुसऱ्याचा मसाला सुचवणं बंद झालं. नवा मजकूर आला तो एका पानाचा होता. सुगंधाबाईंनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून तो सगळा वाचला आणि मगच बटण दाबलं.

दार उघडल्यावर किती जण बाहेर पडले? फारसे नाहीत. उलट घाटावरून आणखी माणसं तिकडे गेली. आणि निरोपघर? ते चालूच राहिलं. त्याच्या भरवशावरच तर लोक निर्धास्तपणे दुसरीकडे नांदत होते.

पुढे श्रीरंगने स्वतः एक प्रोग्राम लिहिला. साऱ्या घाटातल्या बायकांच्या गटांना त्यावर आपला माल मांडता येई. लोकांनी फार वाखाणला. गुरुजींना आता जवळजवळ दिसत नव्हतं, त्यांनी तो श्रीरंगकडून वाचून घेतला, समजून घेतला, आणि मग म्हणाले, "छान आहे. आता यातून मला बाहेर पडून दाखव."

श्रीरंग हसला. "गुरुजी, ते दार मी आधी बसवलं. घर नंतर बांधलं."

गुरुजींनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "चहा टाक."

तुमच्या फोनमध्ये तुमचं जे जे दुसऱ्यांच्या घरी नांदतं आहे, त्याला एकदा मुराळी धाडून पाहा. आणि ते सुखरूप परत येईपर्यंत आपला मांडव उतरवू नका.